आठ वर्षांचा मुलगा "कुछ नहीं" म्हणतो तेव्हा

ताई, तुमचा प्रश्न मी दोन-तीनदा वाचला. बाकीच्यांनाही कळावं म्हणून आधी थोडक्यात परत लिहिते. तुम्ही इंदूरला सुदामानगरकडे राहता, मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत, इंग्लिश मीडियम. केजीपर्यंत अखंड बडबड करायचा, आता शाळेतून आल्यावर "काय झालं आज?" विचारलं की "कुछ नहीं" एवढंच. घरात मराठी आहे पण त्याचं मराठी अर्धं हिंदी झालंय आणि त्याचं सासूबाईंना वाईट वाटतं. पीटीएमला, म्हणजे पालक-शिक्षक भेटीला, मॅडमनी सांगितलं की घरीसुद्धा इंग्लिशच बोला, नाहीतर मागे पडेल. मध्यंतरी दोनदा खोटं बोलला, एकदा तर टेस्टचा पेपर गादीखाली लपवला. आणि महिनाभर कॉलनीतली मुलं त्याला क्रिकेटमध्ये घेत नाहीत म्हणून रडतोय. तुम्ही विचारलंय, मुलगा मंद होतोय का, आणि मराठी बंद करू का.

मराठी बंद करू नका. हे सगळ्यात आधी लिहिते कारण पीटीएमनंतर लोक लगेच दुसऱ्या दिवसापासून घरची भाषा बदलून टाकतात आणि मग वर्षभराने माझ्याकडे येतात. मी इंदुरात याच वयाच्या मुलांबरोबर पंचवीसेक वर्षं काम करतेय, आधी प्रायमरीत शिकवलं, नंतर बालमानसशास्त्र शिकून समुपदेशन. आणि मंद म्हणाल तर, तुम्ही लिहिलेल्या पाच गोष्टींपैकी निदान तीन ह्या डोकं वाढत असल्याच्या खुणा आहेत. कशा ते सांगते, थोडं लांबेल.

सहा ते बारा हे वय आपल्या नजरेतून निसटतं. पहिला दात, पहिलं पाऊल, पहिला शब्द सगळ्याची नोंद असते घरात, आणि तेराव्या-चौदाव्या वर्षी पोरगं उलट उत्तर द्यायला लागलं की परत सगळे जागे होतात. मधली वर्षं डबा, टाय, होमवर्क, ट्यूशनमध्ये जातात. ह्याच वर्षांत आपलं मुलाशी बोलणं आटतं. बोलत तर आपण दिवसभर असतो, पण ते सगळं आटप, खा, दाखव, ठेव, झोप. मला तुमच्या प्रश्नावर खरं म्हणजे एकच गोष्ट सांगायची आहे, की ह्या वयात मुलाचा विचार आत शिरतो आणि त्याला बाहेर यायला लांब, निवांत गप्पा लागतात, आणि त्या तुम्हाला ज्या भाषेत मनापासून येतात त्याच भाषेत होतात.

"आत शिरतो" म्हणजे काय ते बघा. चार-पाच वर्षांचं मूल चित्र काढताना किंवा ब्लॉक्स रचताना मोठ्याने बोलत असतं, "आता इथे लाल लावू, अरे पडलं, परत लावू". कुणाशी बोलतं? स्वतःशी. रशियात व्हिगॉट्स्की नावाचा मानसशास्त्रज्ञ होऊन गेला, 1934 मध्ये वयाच्या 37 व्या वर्षीच गेला बिचारा, त्याचं म्हणणं होतं की हे मोठ्याने बोलणं म्हणजे मुलाने विचाराला धरलेला आधाराचा हात आहे, पुढे ते कुजबुजीवर येतं आणि सात-आठच्या सुमाराला आत जातं, म्हणजे आपण मोठी माणसं मनात बोलतो ना, तसं. अमेरिकेत फ्लॅव्हेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1966 मध्ये ह्याचाच एक धागा पकडला. मुलांना काही चित्रं दाखवून क्रम लक्षात ठेवायला सांगायचा, मध्ये थोडा वेळ डोळे झाकायचे, आणि त्या वेळात मुलाचे ओठ हलतात का ते ओठ वाचता येणाऱ्या माणसाने बघायचं. पाच वर्षांच्या 20 मुलांपैकी 2 जणच मनात घोकत होते, दहा वर्षांच्या 20 पैकी 17. कुणी शिकवलं नव्हतं त्यांना. तुमचा मुलगा बरोब्बर ह्या दोन टोकांच्या मध्ये उभा आहे. केजीतली ती बडबड कुठे गेली म्हणता, ती बरीचशी आत गेलीये.

अजून एक गोष्ट घरीच करून बघा, शेजारचं कुणी पाच वर्षांचं असेल तर त्यालाही बोलवा. दोन सारखे काचेचे ग्लास घ्या, दोन्हीत सारखं ताक ओता. सारखं आहे ना? दोघंही हो म्हणतील. आता त्यांच्या डोळ्यांदेखत एका ग्लासातलं ताक उंच, बारीक ग्लासात ओता. पाच वर्षांचा बहुतेक म्हणेल की उंच ग्लासात जास्त आहे, तुम्ही परत ओतून दाखवलं तरी पुन्हा तेच म्हणेल. तुमचा मुलगा तुमच्याकडे जरा विचित्र नजरेने बघेल आणि म्हणेल सारखंच तर आहे. तिथे थांबू नका, "कशावरून?" विचारा, खरी मजा त्या उत्तरात आहे. कुणी म्हणतं परत ओतलं तर तेवढंच होईल, कुणी म्हणतं हा उंच आहे पण बारीक पण आहे, आणि एका मुलीने मला ठणकावून सांगितलं होतं, "तुम्ही ताक कुठे वाढवलंत, ग्लास वाढवलात." हे उलटं फिरवून बघणं, दोन गोष्टी एकदम डोक्यात धरणं, हे पियाजे ह्या स्विस शास्त्रज्ञाने आयुष्यभर तपासलं, त्याच्या हिशेबाने साधारण सात ते अकरा हा असा विचार पक्का होण्याचा काळ. पण तो एकदम सगळीकडे पक्का होत नाही. कणकेचा गोळा आणि त्याच गोळ्याची लाटलेली पोळी, वजन तेवढंच राहतं हे नऊच्या आसपास पटतं, गोळा पाण्यात बुडवला तर पाणी किती चढेल हे अकरा-बाराला. त्यामुळे एका ठिकाणी हुशार वाटणारं मूल दुसऱ्या ठिकाणी अडखळलं तर त्याला ढ म्हणू नये. आणि हा विचार हातात वस्तू असली की चालतो, नुसत्या हवेतल्या शब्दांवर अजून नाही. गणिताच्या पुस्तकात जे उदाहरण अडतं तेच रविवारी पोह्यांच्या दुकानावर सुटतं, पाचशेची नोट त्याच्या हातात द्या, चार प्लेट पोहे आणि पावशेर जलेबी, परत किती यायला हवेत ते त्यालाच करू द्या, मागे रांग असली तरी.

एक छोटंसं, पण घरातली निम्मी चिडचिड ह्यानं कमी होते. सात-आठ वर्षांच्या मुलाला ऐकलेले पाचेक आकडे ओळीने परत म्हणता येतात, साधारण तेवढीच जागा असते डोक्यात एका वेळी. आपण दारातच म्हणतो, "बूट काढ, डबा बेसिनमध्ये ठेव, हातपाय धू, कपडे बदल, डायरी आण, आणि आजीला विचार औषध घेतलं का." तो बूट काढून सोफ्यावर बसतो आणि आपल्याला वाटतं ऐकत नाही. दोन सांगा, झाली की पुढची दोन.

आता भाषा. ह्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण इंदुरातल्या मराठी घरांत हे सगळ्यात जास्त दुखतं.

समजा मुलगा म्हणाला, "आई, माझी पुस्तक गुमली." सासूबाईंच्या कपाळाला आठी. पण बघा त्या तीन शब्दांत काय काय झालंय. पुस्तक हिंदीत स्त्रीलिंगी, मराठीत नपुंसकलिंगी, आणि हिंदीत नपुंसकलिंग नाहीच. दिवसातले सहा-सात तास ज्या मुलाच्या कानावर "मेरी पुस्तक" पडतं त्याने "माझी पुस्तक" म्हणणं ही चूक आहे, पण नियमाने केलेली चूक आहे. "गुमली" तर मी चूकसुद्धा धरत नाही, इंदूर-नागपूरकडच्या कितीतरी घरांत आजी-पणजीसुद्धा गुमली म्हणायच्या, तसंच "येऊन राहिलो", "करून राहिली". होळकरांच्या काळापासून आपली मराठी माळव्यात नांदतेय, तिला इथलं पाणी लागणारच. किंवा "मीने केलं" घ्या. हे मी पुष्कळ मुलांकडून ऐकलंय. हिंदीत "मैंने किया", मराठीत "त्याने केलं", "तिने केलं", मग माझ्याच बाबतीत "ने" का नको? मुलाने दोन भाषांचा हिशोब जुळवून नियम काढला आणि तो नेमका मराठी जिथे अपवाद करते तिथे लावला. जे मूल असं करतं त्याचं भाषेचं डोकं चालू आहे, बंद नाही.

आणि एक गोष्ट लक्षात आलीये का तुमच्या, की आजीशी बोलताना तो जास्तीत जास्त मराठी वापरतो, वॉचमनशी हिंदी, आणि मॅडमसमोर इंग्लिश? त्याला कुणी बसून शिकवलं नाही. समोरच्याला काय कळेल, त्याला काय आवडेल, हे ओळखून भाषा बदलणं हे सामाजिक शहाणपण आहे, आणि एका भाषेत वाढलेल्या मुलाला त्याचा इतका सराव मिळत नाही.

दुरुस्त कसं करायचं? थांबवून नाही. "पुस्तक गुमली नाही, पुस्तक हरवलं म्हण" असं केलं की गोष्ट तिथेच मरते आणि पुढच्या वेळी तो सांगायलाच येत नाही, "कुछ नहीं" हे उत्तर मग सगळ्यात सोयीचं होतं ना. त्याऐवजी तुम्ही बरोबर रूप तुमच्या वाक्यात वापरा, "अगोबाई, तुझं पुस्तक हरवलं? कुठलं, निळ्या कव्हरचं?" त्याने बरोबर ऐकलं, आणि गोष्टही पुढे सरकली. सासूबाईंनाही एवढंच सांगा.

मॅडमच्या सल्ल्याबद्दल. त्या वाईट हेतूने म्हणाल्या नसणार, वर्गात चाळीस-पन्नास मुलं, पोर्शन पूर्ण करायचा. पण दोन भाषांनी मूल मागे पडतं ही समजूत फार जुनी आहे आणि 1962 मध्येच कॅनडात मॉन्ट्रियलला पील आणि लॅम्बर्ट ह्यांनी दहा वर्षांच्या मुलांवर काम करून तिला मोठा धक्का दिला, फ्रेंच आणि इंग्लिश दोन्ही चांगलं येणारी मुलं बुद्धीच्या चाचण्यांत एकभाषी मुलांच्या पुढे निघाली. नंतरच्या अभ्यासांत एवढा मोठा फायदा सगळीकडे दिसला असं नाही, पण भीती मात्र राहिली नाही. त्याच कॅनडातल्या जिम कमिन्स ह्यांचं काम आई-वडिलांनी जरूर समजून घ्यावं असं मला वाटतं. त्यांनी दाखवलं की नवीन भाषेत गप्पा मारण्याइतकं दोनेक वर्षांत येतं, पण पुस्तकातली, अभ्यासाची भाषा, म्हणजे कारण लिही, तुलना कर, स्पष्ट कर, ही पक्की व्हायला पाच ते सात वर्षं लागतात. तुमचा मुलगा तिसरीत आहे. तो अर्ध्या रस्त्यात आहे, मागे नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातसुद्धा शक्य असेल तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून किंवा मातृभाषेतून शिकवावं असंच लिहिलंय. ह्याचा अर्थ शाळा बदला असा मी काढत नाहीये, इंदुरात मराठी शाळा किती उरल्यात ते आपल्याला माहीत आहे. अर्थ एवढाच की घर हे एकच ठिकाण आहे जिथे त्याला पक्क्या भाषेत विचार करायला मिळतो, तेही काढून घेऊ नका.

आणि खरं सांगू, घरी इंग्लिश म्हणजे काय होतं ते मी पाहिलंय. "कम फास्ट", "ईट प्रॉपरली", "डोन्ट डू दॅट", "व्हेअर इज युवर बॉटल". दिवसभर एवढंच. आई-बाबांना ज्या भाषेत भांडता येत नाही, लाड करता येत नाहीत, भुताची गोष्ट सांगता येत नाही, त्या भाषेत मुलाशी बोललं की बोलणं पातळ होतं. त्यापेक्षा इव्हॅपोरेशनचा धडा असेल तर गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांपाशी त्याला उभं करा, पाणी गेलं कुठे विचारा, मे महिन्यात एका दिवसात वाळतात आणि पावसाळ्यात बुरशी का येते विचारा. कल्पना मराठीत बसली की तिच्यावर इंग्लिश शब्दाची खुंटी ठोकायला दहा मिनिटं लागतात. उलटं केलं तर शब्द पाठ होतो आणि कल्पना बसतच नाही.

सासूबाईंना वाईट वाटून बसू देऊ नका, त्यांना कामाला लावा. ह्या वयाची मुलं कोड्यांवर जीव टाकतात कारण एका शब्दाला दोन अर्थ असतात, बोललेलं एक आणि सांगायचं दुसरं, हे त्यांना नुकतंच कळायला लागलेलं असतं. पाच वर्षांच्याला "पाटीलबुवा रामराम, दाढीमिशा लांब लांब" सांगा, तो पाटील शोधेल. आठ वर्षांचा थोडा वेळ गप्प बसेल आणि मग एकदम ओरडेल, "भुट्टा!" ते गप्प बसणं बघा, त्याचे डोळे कुठेतरी वर लागलेले असतात, तेव्हा आत काम चालू असतं, मध्ये बोलू नका. आजीचे आकडेही सोन्यासारखे आहेत. शाळेत सेव्हन्टी नाइन, दुकानात उन्यासी, आजीकडे एकोणऐंशी. "एकोण" म्हणजे काय, एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस कुठे कुठे येतं ते त्यालाच शोधू द्या, ऐंशीला एक कमी हे त्याला सापडलं की चेहरा बघा.

वाचनाचं थोडक्यात. तिसरी-चौथीच्या सुमाराला मुलं वाचायला शिकण्यातून बाहेर पडून वाचून शिकायला लागतात, अमेरिकेत जीन चॉल ह्यांनी हा टप्पा नीट मांडला, आणि ज्यांचं शब्दभांडार घरच्या गप्पांतून भरलेलं नसतं ती इथे अडकतात. तुमचा मुलगा शाळेत हिंदी वाचतो म्हणजे देवनागरी त्याला येतेच, "ळ" आणि चमच्यातला "च" एवढं सांगितलं की मराठी वाचन जवळजवळ फुकट मिळतं. बालभारतीचा "किशोर" 1971 पासून निघतोय, तो लावा. आठवड्याला एक गोष्ट, अर्धी त्याने वाचायची, अर्धी बाबांनी.

आता "कुछ नहीं". आठ तासांचा दिवस एका प्रश्नात सांगायला लावलं तर आपणही "काही विशेष नाही" म्हणतो की ऑफिसातून आल्यावर. समोरासमोर बसवून विचारू नका, शेजारी-शेजारी असताना विचारा. मटार सोलताना, अ‍ॅक्टिव्हावर मागे बसलेला असताना, झोपायच्या आधी लाइट बंद करून. आधी तुमचं सांगा, "आज बँकेत माझ्या पुढे एक आजोबा होते, त्यांना फॉर्मच भरता येत नव्हता." मग नेमकं विचारा, "आज डब्यात कुणी कुणाचं खाल्लं?" आणि मग थांबा. खरोखर थांबा, मनात दहापर्यंत मोजा. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक आई-बाबांचं चुकतं ते इथे, मूल वाक्य जुळवत असतं आणि आपण तेवढ्यात दुसरा प्रश्न टाकतो.

खोटं बोलण्याने तुम्ही घाबरलात ते मला समजतं. पण पेपर गादीखाली लपवायला काय लागतं बघा, "आईला हा पेपर दिसला तर तिला वाटेल की मला अभ्यास नकोच आहे." एकाच्या मनात दुसऱ्याच्या मनाबद्दल काय चाललंय ह्याचा विचार, ही दुमडलेली घडी सहा-सातच्या पुढेच उलगडायला लागते, पर्नर आणि विमर ह्यांनी 1985 मध्ये मुलांना गोष्टी सांगून हे तपासलं होतं. ह्याच जोरावर मूल स्वतःला न आवडलेला स्वेटरही आजीला "छान आहे" म्हणून सांगतं. लपवणं चांगलं असं मी म्हणत नाहीये, पण ते बिघडल्याचं लक्षण नाही.

त्याने का लपवलं ते जास्त महत्त्वाचं. सहा वर्षांच्या मुलांना विचारा, वर्गात सगळ्यात हुशार कोण, बरेच हात "मी, मी" करत वर येतात. आठ वर्षांच्या वर्गात ते सगळे एका मुलीकडे बोट दाखवतात. दुसऱ्याशी तुलना करायला त्याला आत्ताच यायला लागलंय आणि ती टोचते. एरिक्सन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने ह्या वयाचं वर्णन असंच केलंय, मला काहीतरी जमतं ही भावना एकीकडे आणि मी कमी आहे ही दुसरीकडे, त्यांची ओढाताण. इथे आपण "माझा राजा किती हुशार" म्हणून कौतुक करतो आणि नकळत ओझं टाकतो. कोलंबिया विद्यापीठात म्युलर आणि ड्वेक ह्यांनी 1998 मध्ये पाचवीच्या मुलांवर प्रयोग केले. काहींचं हुशार म्हणून कौतुक, काहींचं मेहनत केलीस म्हणून. नंतर अवघड कोडी दिली, सगळेच आपटले. मग मार्क दुसऱ्या शाळेतल्या अनोळखी मुलाला लिहून कळवायचे होते, तर हुशार म्हटलेल्यांपैकी जवळजवळ 40 टक्के मुलांनी मार्क वाढवून लिहिले, मेहनतीचं कौतुक झालेल्यांत हे प्रमाण बरंच कमी होतं. हुशार हे नाव गमावायचं नव्हतं त्यांना. तेव्हा तुम्हाला पेपर सापडला आहे, तर "टेस्ट झाली का रे?" असा सापळा लावू नका. सरळ सांगा, "गादीखाली पेपर मिळाला. चार गणितं चुकलीत. घाबरला होतास?" आणि मग दोघं मिळून त्यातलं एक, फक्त एक, सोडवा.

राहिलं क्रिकेट. मला विचाराल तर तुमच्या पत्रातलं सगळ्यात काळजीने बघण्यासारखं हेच आहे. ह्या वयात मित्र हे करमणूक नसतात, ते दुसरं घर असतं. पियाजे स्वित्झर्लंडच्या मुलांबरोबर गोट्या खेळत बसायचा, नियम कुणी केले, बदलता येतात का विचारायचा, आणि त्याला दिसलं की लहान मुलांना नियम देवाने दिल्यासारखे वाटतात आणि दहाच्या आसपास कळतं की आपण सगळ्यांनी मिळून ठरवलं तर बदलतात. कॉलनीतलं "एक टप्पा आउट" वरचं भांडण म्हणजे तेच शिक्षण आहे, खेळ वीस मिनिटं आणि भांडण चाळीस मिनिटं चालतं, चालू द्यावं.

पण महिनाभर घेत नाहीत म्हणजे काहीतरी अडलंय. आधी लांबून बघा. अमेरिकेत कोई आणि डॉज वगैरेंनी 1982 मध्ये वर्गातल्या मुलांना कोण आवडतं, कोण नाही हे विचारून गट पाडले, त्यात एक फरक फार कामाचा आहे. काही मुलं कुणाच्या लक्षातच येत नाहीत, गप्प असतात, आणि काहींना इतर मुलं टाळतात. दोघंही एकटेच दिसतात पण दोघांचं करायचं वेगळं. माझ्याकडे एक आई यायची, तिला मी सांगितलं तीन संध्याकाळी बाल्कनीत बसा, मध्ये पडू नका, फक्त लिहा. तिने वहीत लिहून आणलं. पहिल्या दिवशी तिचा मुलगा बॅट घेऊन सरळ पिचवर गेला आणि म्हणाला पहिली बॅटिंग माझी, बॅट माझी आहे. दुसऱ्या दिवशी आउट झाल्यावर जाईना, "नो बॉल था" करत बसला. तिसऱ्या दिवशी मुलांनी त्याच्याकडे पाठ केली. तिला वाटत होतं की बाकीची मुलं दुष्ट आहेत. आम्ही त्याला सांगितलं, पाच मिनिटं बाउंडरीवर उभा राहा, बॉल आला की परत दे, चांगला शॉट बसला तर ओरड, आणि मग विचार, "मी फील्डिंग करू?" चालू खेळात असं हळूच शिरणं जमणारी मुलं घेतली जातात, हे अभ्यासातही दिसलंय. घरी बाबांबरोबर त्याची प्रॅक्टिस केली, अगदी नाटकासारखी, बाबा दादागिरी करणारा कॅप्टन झाले होते.

तुमचा मुलगा गप्प बसणाऱ्यांतला असेल तर अख्ख्या टीमचं सोडा, त्यातल्या एका मुलाला रविवारी घरी बोलवा, कॅरम मांडा, खायला करा काहीतरी. एक पक्का मित्र असला की बाकीच्यांचं बोलणं तेवढं लागत नाही. दुसऱ्यांच्या आयांना लगेच फोन करू नका, मारहाण किंवा पैसे मागणं असं काही असेल तर मात्र त्याच दिवशी करा.

आणि एक ऐका. मराठीत "आम्ही" आणि "आपण" वेगळे आहेत, इंदुरी हिंदीत सगळं "अपन" मध्ये जातं. तुमचा मुलगा संध्याकाळबद्दल बोलताना "ते लोक खेळतात" म्हणतो का "आम्ही" म्हणतो, ते नुसतं ऐकत जा, विचारू नका. त्या बाल्कनीतल्या आईला फरक कळला तो असाच, दीड महिन्याने मुलगा पाणी प्यायला घरात आला आणि ग्लास खाली ठेवता ठेवता म्हणाला, "आई, आम्ही हरलो."

काही तपासण्या मात्र करून घ्या, अंदाजावर सोडू नका. एक कान. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांना कानाच्या पडद्यामागे पाणी साचून कमी ऐकू येतं आणि आपण त्याला दुर्लक्ष करतो म्हणतो, एमवाय हॉस्पिटलला किंवा तुमच्या नेहमीच्या ईएनटीकडे ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकू येण्याची तपासणी, अर्ध्या तासात होते. डोळेही बघून घ्या. दुसरं वाचन. त्याला न वाचलेला दुसरीचा एक पॅरा हिंदीत आणि एक इंग्लिशमध्ये मोठ्याने वाचायला द्या. फक्त इंग्लिशमध्ये अडखळत असेल तर ते सरावाचं आहे. दोन्हीत अक्षर-अक्षर जोडत असेल, जोडाक्षरं चुकवत असेल, आणि तोंडी मात्र सगळं सांगत असेल, तर लर्निंग डिसॅबिलिटीची, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातल्या खास अडचणीची, तपासणी करा, हेच वय आहे त्याचं, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती धरलेली असल्यामुळे परीक्षेत सवलतीही मिळतात. तिसरं, आधी येणारे शब्द किंवा वाक्यं कुठल्याच भाषेत येईनाशी झाली, रोज सकाळी पोटात दुखून शाळा टळायला लागली, किंवा रात्री परत अंथरूण ओलं व्हायला लागलं, तर माझ्या उत्तराची वाट न बघता डॉक्टरांकडे जा.

मॅडमना पुढच्या वेळी भेटाल तेव्हा इंग्लिश कमी पडतं म्हणजे नेमकं कुठे ते विचारा, बोलण्यात, समजण्यात का लिहिण्यात, आणि त्याची एक वही मागून आणा. त्या वहीची दोन पानं, ऑडिओमेट्रीचा रिपोर्ट आणि तीन संध्याकाळी बाल्कनीतून जे दिसेल ते लिहून मला पाठवा, मग आपण क्रिकेटपासून सुरुवात करू.